दिवसा गेलेली लाईट

सूर्यभान ओसरीवरच्या सतरंजीवर मांडी घालून बसला, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला, आणि ओठ पुसायच्या आधीच त्याचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिपालीनं ते पाहिलं. दोन महिन्यांनी नवरा नजरेला पडत होता. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध. रुसलेल्या बायकोला न्यायला आलेला माणूस जसा दिसायला पाहिजे, अगदी तसा. डोकं खाली गेलं आणि अंगठा सुरू झाला. वर, वर, वर.

"बघ," ती आईला म्हणाली. "बूड टेकलं न्हाई तर लागले कामाला."

"हळू बोल. आईकू जाईल त्यांना," आक्काबाई म्हणाली.

"जाऊ दे की! त्यांना आईकू जायला लागलं तर मोहट्याच्या देवीला अनवानी जाऊन नवस फेडीन मी."

आक्काबाईनं कपाळाला हात लावला. पोरगी लहानपणापासून फटकळ, पण दोन महिन्यांत तिच्या जिभेला नुसती धार चढली होती. उजव्या हाताला आता बँडेज नव्हतं. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही दुसऱ्या पेरापाशी संपत होती. तिथली कातडी अजून गुलाबी आणि चकचकीत दिसायची. दिपाली तो हात पदराखाली ठेवायची नाही. मुद्दाम बाहेर ठेवायची. बघू दे सगळ्यांना.

सूर्यभानच्या शेजारी त्याचा मामा बसला होता, आसाराम. सूर्यभानचे आईबाप लवकर गेले, मामानंच त्याला वाढवलं, शेती करायला शिकवलं आणि सोयरीकही त्यानंच जमवली. घोडेगावच्या बाजारात मामा जनावरांची दलाली करायचा. गाईच्या कासेला हात लावून कितवं वेत ते सांगणारा माणूस. चार वर्षांपूर्वी दिपालीला बघायला आला तेव्हाही त्यानं असं काही निरखलं होतं, की आता हा आपल्याला तोंड उघडायला लावून दात मोजतो की काय, असं तिला वाटलं होतं. पण माणूस खोटा नव्हता. बाजारात त्याच्या शब्दाला किंमत होती, आणि पोरीची बोटं गेल्याचं कळल्यावर तो दवाखान्यात लहान मुलासारखा रडला होता.

आधी ऊसतोडीची चौकशी झाली, मग पाटपाण्याच्या आवर्तनाची. मग दोन्ही बाजूंनी घसे खाकरून झाले. दिपालीचे वडील, रंगनाथतात्या, मुळात अबोल. भांडणाच्या बैठकीत बसायचं म्हणजे त्यांना काटेरी तारेवर बसल्यासारखं व्हायचं. शेवटी मामानंच सुरुवात केली.

"बोला तात्या. आडपडदा ठेवू नका. पोराचं काय चुकलं?"

"चुकलं म्हंजी..." तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तसं काय न्हाई."

"दारू पितो?"

"न्हाई, न्हाई."

"हात उचलतो का पोरीवर?"

"कव्हाच न्हाई."

"पत्ते? जुगार? का भाईर काय भानगड हाय?"

"राम राम! तसलं काय न्हाई मामा."

"मंग?" मामानं दोन्ही हात पसरले.

तात्या सतरंजीचा दोरा उपसत राहिले. त्यांना लाज वाटत होती. गाव जमवून चोर पकडावा आणि त्याच्या पिशवीत नुसता पाला निघावा, तशी त्यांची गत झाली होती.

"मोबाईल बघतो," ते म्हणाले.

मामा क्षणभर थांबला, पुढं काही आहे का म्हणून. मग खो खो हसत सुटला.

"आवो तात्या! मोबाईल कोन बघत न्हाई? आमची म्हातारी बघती. बाजारात गाय इकाया आलेला मानूस गाईची दोरी पायाखाली दाबून मोबाईल बघतो. पाऽर जनावरांचे हेडी, व्यापारी, समदे बघत्यात. तेवढ्यासाठी कुनी संसार मोडतं व्हय?"

सूर्यभानही हसला. पण जरा उशिरा हसला, मामाचं हसणं थांबत आलं तेव्हा. तो मामाच्या बोलण्याला हसला की हातातल्या चित्राला, ते देवालाच ठाऊक.

खिडकीत दिपालीचा जीव जळून खाक झाला. हेच. दोन महिने ती जे बापाला सांगत होती, आईला सांगत होती, त्याचं शेवटी हेच होणार होतं. दारुड्याच्या बायकोला चार माणसं हळहळतात. मार खाणारीचा भाऊ काठी घेऊन निघतो. हिचं दुखणं सांगावं तर लोक हसतात. त्याची दुसरी बाई असती तर किती बरं झालं असतं! तिच्या दारात जाऊन झिंज्या तरी उपटल्या असत्या. इथं कुणाच्या झिंज्या उपटायच्या?

देवळाली प्रवऱ्यापासून आत, पाटाच्या कडेला दिपालीच्या सासरची वस्ती. चहूकडं ऊस. ऊस कमरेइतका असेपर्यंत शेजारच्या वस्तीचा पत्रा दिसायचा, एकदा तो डोक्यावर गेला की दुसरं घरच दिसायचं नाही. दोन माणसं आणि तीन गाई. त्या दोन माणसांतलं एक घरात असून नसलेलं. मोबाईलला रेंज कशीबशी, फोन लागण्यापुरती. म्हणून गेल्या वर्षी त्यानं वायफाय घेतलं, आणि तेव्हापासून उरलासुरला नवराही गेला. सकाळी चहा पिताना मोबाईल, धार काढताना कासेखाली बादली आणि गुडघ्यावर मोबाईल, जेवताना तो तांब्याला टेकवलेला. बघायचा तरी काय? कुणीतरी जेसीबीनं विहीर खणतंय. कुणीतरी परदेशात जंगलात अख्खा बोकड भाजतंय. हरियाणातल्या एका म्हशीला रोज किती दूध आहे ते त्याला तोंडपाठ होतं, आणि त्याची स्वतःची गाय माजावर येऊन, दिवसभर हंबरून, परत शांत झाली तरी पत्ता नव्हता. अनोळखी माणसांच्या पोरांच्या बारशाला हा हृदयाची चित्रं पाठवायचा. घरातल्या बाईला ताप आला तर, "गोळी घे," असं मान वर न करता म्हणायचा.

एकदा ती राहुरीच्या स्टँडवर दोन पोती पशुखाद्य घेऊन उभी होती. टेम्पो निघून गेला, ऊन मी म्हणत होतं. मोटारसायकल घेऊन या म्हणून तिनं त्याला नऊ वेळा फोन केला. नऊ वेळा त्यानं कापला. घरी आल्यावर ती भांडली तेव्हा त्यानं अगदी भोळेपणानं सांगितलं होतं, "आगं, फोन आला का व्हिडिओ मधीच थांबतो." म्हणजे चूक तिचीच.

आणखी एकदा तिनं मोबाईल बाजरीच्या डब्यात लपवला होता. त्यानं तिला मारलं नाही, शिवी दिली नाही. घरातली गादी न् गादी उलटी केली, गव्हाणीत हात घालून पाहिलं, आणि शेवटी उंबऱ्यावर बसून हमसून रडायला लागला. घरात कुणी मेलं तरी माणूस इतका रडत नाही. ती घाबरली. मुकाट्यानं डबा उघडून त्याच्या हातात दिला. त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं, की हे आपल्या भांडणानं सुटणारं काम नाही.

"चार वर्सं झाली, पाळना हालंना," आक्काबाई मागून पुटपुटली. "लेकरू झालं का सुटंल नाद."

"लेकरू व्हायला मानूस अंथरुनात पायजेल आई," दिपाली म्हणाली. "मोबाईलात बसल्यावर कसं व्हनार?"

"आगं, लाज हाय का न्हाई!"

"मला हाय. त्यांना इचार."

आक्काबाईनं तिचा धड असलेला हात धरला आणि तिला खिडकीपासून मागं ओढलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, काकुळती होती. दोन महिने ती एकच वाक्य बोलत आली होती, तेच आता पुन्हा बोलली.

"त्यानं बटन बंद केलं म्हून तुझा हात ऱ्हायला, दिपे. न्हाईतर आज खांद्यापासून न्हवता. तेवढं तरी इसरू नको."

दिपाली आपल्या तुटक्या बोटांकडं बघत राहिली.

त्या सकाळी ती गाईंसाठी यंत्रावर गिन्नी गवताची कुट्टी करत होती. दहिवरानं गवत चिंब ओलं. पेंढी आत सारताना एक लांबलचक पातं मनगटाला गुंडाळलं, यंत्राच्या रुळांनी ते ओढलं आणि पाठोपाठ बोटं ओढली. ती किंचाळली. कुट्टीचा आवाज एवढा, की आपलं किंचाळणं आपल्यालाच ऐकू येईना. शेड घराच्या मागं, आणि सूर्यभान पुढच्या ओट्यावर, मांडीवर मोबाईल. यंत्राचं बटन शेडात नव्हतंच. पावसाळ्यात तिथं बोर्ड भिजून शॉक बसायचा, म्हणून तो स्वयंपाकघरात, मागच्या दाराच्या आत बसवलेला; शेडाबाहेरच्या खांबावर होता तो नुसता मीटर. तिनं दुसऱ्या हातानं रूळ दाबून धरायची धडपड केली, डोळे घट्ट मिटले, आता हात जातोय हे तिला कळलं होतं. आणि कुट्टी थांबली. एकदम. कानात नुसती शीळ वाजत राहिली. मग सूर्यभान शेडाच्या तोंडाशी दिसला, आणि पुढं सगळं त्यानंच केलं. यंत्राचं चाक हातानं उलटं फिरवलं, पाव तास झगडून तिची बोटं मोकळी केली, स्वतःच्या डोक्याचं उपरणं तिच्या हाताला आवळलं, आणि "दिपे, दिपे" करत तिला मोटारसायकलवर पुढं बसवून श्रीरामपूरचा दवाखाना गाठला.

म्हणजे त्याला ऐकू आलं होतं. एवढ्या गोंगाटात, घराच्या दोन भिंतींपलीकडून, हातात तो मेला मोबाईल असताना, त्याला तिचं किंचाळणं ऐकू आलं होतं. धावत घरात जाऊन त्यानं बटन बंद केलं होतं. दोन महिने माहेरच्या खाटेवर पडून ती त्याला मनातल्या मनात लाखोल्या वाहत होती, आणि दर वेळी शेवटी याच ठिकाणी येऊन अडकत होती. माणूस मेलेला नव्हता. आत कुठंतरी होता. जीव जायची वेळ आली तेव्हा उठला होता. मग एवढ्यावर संसार करणाऱ्या काय कमी बायका आहेत?

आज सकाळी अंघोळ झाल्यावर तिनं गुपचूप आपली पिशवी भरली होती. चार साड्या, औषधाच्या गोळ्या, डॉक्टरांचे कागद. आईलाही सांगितलं नव्हतं. आईनं थोडं रडायचं, मामानं थोडं रागवायचं, त्यानं सगळ्यांसमोर चार शब्द कबूल करायचे आणि हिनं फुरंगटून निघायचं, असं तिनं ठरवलं होतं. भांडायचं तर भांडायचंच होतं, पण परत जायचंही होतं.

ओसरीवर मामाचं हसू एव्हाना ओसरलं होतं. रंगनाथतात्या हसले नाहीत म्हटल्यावर तोही वरमला. त्यानं भाच्याच्या गुडघ्यावर एक चापट मारली.

"ठेव तो खाली. बैठक चाललीय तुझी."

सूर्यभाननं मोबाईल उताणा मांडीवर ठेवला. नजर तिथंच.

"तात्या, तुमी म्हनाल तसं," मामा म्हणाला. "पोरीला तरास हुतोय ना? काय करायचं बोला."

तात्यांनी मान वर केली. हे एक वाक्य मात्र त्यांनी पाठ करून ठेवलं होतं.

"त्ये वायफाय काढून टाका. मंग पोरगी यील."

"बास? काढलं समजा!" मामा मांडीवर थाप मारून म्हणाला. "उद्या वायर तोडतो सोता."

तेव्हा कुठं सूर्यभानचं डोकं वर आलं. त्याचा चेहरा पाहून दिपालीला बाजरीच्या डब्याचा दिवस आठवला. तसाच पांढराफटक.

"काढाया कशाला पायजेल?" तो घाईघाईनं म्हणाला. "मामा, तसं न्हाई. वायफाय काय दिसभर चालतं का? आपल्याकडं लाईट कुठं ऱ्हाती? दिसातनं चार डाव जाती. लाईट गेली का वायफाय गेलं. मंग उठतोच की मी. बैलासारखी कामं करतो. उगं आपलं लोक म्हनत्यात, हलत न्हाई, हलत न्हाई. त्या दिशीबी लाईट गेली तसा उठलोच ना लगीच? का बसून ऱ्हायलो? गेलो ना शेडाकडं?"

"गेला म्हून तर पोरगी वाचली," मामानं लगेच री ओढली. "त्ये कोन नाकारतंय? पर बाबा, तात्यांचा शबुद..."

पुढं वायफायचं काय करायचं यावर दोघांची घासाघीस सुरू झाली. रात्री चालू ठेवायचं, दिवसा बंद. का दिवसा दोन तास. मामा बाजारातल्यासारखा मधला भाव काढत होता. तात्या ऐकत होते.

दिपाली मात्र खिडकीत उभी राहिली ती राहिलीच. आक्काबाई काहीतरी म्हणाली, ते तिला कळलं नाही. लाईट गेली तसा उठलो. कुठली लाईट? त्या सकाळी लख्ख ऊन होतं. घरात एक दिवा लावलेला नव्हता. दिवसा लाईट गेली काय आणि राहिली काय, हात यंत्रात अडकलेल्या बाईला कसं कळणार?

बैठकीत बाप्ये बसलेले असताना लेकीनं ओसरीवर यायचं नसतं. शेवटी कुणीतरी विचारायला आत येतं, ती मान डोलावते, एवढंच तिचं काम. दिपाली दाराचा पडदा सारून सरळ बाहेर आली.

"त्या दिशी लाईट गेल्ती?" तिनं विचारलं.

तात्यांनी, "आत जा," अशी हातानं खूण केली. तिनं ती बघितली नाही.

"कव्हा?" सूर्यभान म्हणाला.

"माझा हात अडाकला तव्हा."

"गेल्ती की. थोडा येळ."

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"त्यात काय सांगायचं? दिसा गेलेली लाईट कुनाला कळती?"

"तुमाला कळली."

"व्हिडिओ थांबला ना," तो म्हणाला, आणि म्हणताना पुन्हा तोच भोळेपणा, स्टँडवरच्या नऊ फोनांचा.

दिपालीला वाटलं आपण त्याच्या तोंडावर थुंकणार. ती थुंकली नाही. तिनं दाराची चौकट धरली. तिचा आवाज उलट खाली गेला.

"मंग बटन कुनी बंद केलं?"

"आता..." सूर्यभाननं मामाकडं पाहिलं. "केलं आसंल मीच. त्या गडबडीत काय काय केलं, ध्यानात ऱ्हातं का?"

"बटन सैपाकघरात हाय. तुमी वट्यावरून सैपाकघरात गेला, बटन बंद केलं, मंग शेडात आला?"

"व्हय... तसंच आसंल."

मामानं कपबशी तोंडाशी नेली होती. ती त्यानं तशीच खाली ठेवली. त्याचा रंग बदलला. तो भाच्याकडं बघत नव्हता, दिपालीच्या हाताकडं बघत होता.

"पोरी," तो म्हणाला, "बटन म्या बंद केलं."

"तुमी?" तात्या म्हणाले. "तुमी तिथं कुठं हुता?"

"त्या दिशी दुपारी. मला घोडेगावात निरोप मिळाला, म्या तडक मोटारसायकल काढली. म्हनलं, ही दोघं दवाखान्यात, गाया सकाळपून बांधलेल्या, पानी कोन दावील? म्हून आधी वस्तीवर गेलो." मामा थांबला. "शेडात कुनी न्हवतं. आन् कुट्टी चालू हुती. रिकामीच फिरत हुती, भनाभना. म्या घरात जाऊन बटन बंद केलं. मला वाटलं, गडबडीत कुनाचा धक्का लागून चालू झाली आसंल. म्हून कुनाला बोललो न्हाई."

रस्त्यानं उसाची ट्रॉली खडखडत गेली. मग तात्यांनी, त्यांच्या त्या सावकाश पद्धतीनं, एकेक शब्द उचलून समोर ठेवला.

"म्हंजी लाईट गेली म्हून कुट्टी थांबली. लाईट आली तशी आपली आपन चालू झाली. बटन बंद झालंच न्हाई." त्यांनी जावयाकडं पाहिलं. "हिचा हात आत आसताना तुमी पाव तास चाक फिरवत हुता. त्या टायमाला लाईट आली आसती तर?"

"लाईट लगीच यील हे मला काय म्हाईत?" सूर्यभान म्हणाला.

मामानं डोळे मिटून घेतले.

सूर्यभानला आपण काय बोललो ते कळलं असावं. तो एकदम कावराबावरा झाला. मोबाईल मांडीवरून घसरून सतरंजीवर पडला, आणि त्यानं तो उचलला नाही.

"आन् म्या कव्हा म्हनलो, का बटन मी बंद केलं?" तो म्हणाला. "म्या न्हाई म्हनलो. दवाखान्यात त्या डॉक्टरीनबाईच म्हनल्या, नवऱ्यानं येळंवर बंद केलं म्हून हात ऱ्हायला. मंग सगळेच म्हनाया लागले. आक्काबाई म्हनल्या. मामा, तू म्हनला. म्या... म्या फकस्त न्हाई म्हनलो न्हाई."

हे मात्र खरं होतं. दिपालीला आठवलं. दवाखान्यात तिची आई त्याच्या पाया पडायला वाकली होती, त्यानं संकोचून पाय मागं घेतले होते, आणि तिला वाटलं होतं किती साधा माणूस आहे.

तिच्याकडे आता एकच प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर तिला ठाऊक होतं. तरी तिला ते त्याच्या तोंडून हवं होतं, कारण दोन महिने ती त्या एका गोष्टीवर जगली होती, आणि ती आपल्या हातानं टाकून देणं तिला जमेना.

"माझा आवाज आईकून तुमी शेडाकडं आला का?"

सूर्यभान खोटं बोलू शकला असता. सगळ्यांना ते चाललंही असतं, कदाचित तिलासुद्धा. पण त्यानं चार वर्षांत पहिल्यांदाच मान वर करून, सरळ तिच्या तोंडाकडं बघून उत्तर दिलं.

"न्हाई. मीटरचा फ्यूज बघाया आल्तो."

दिपालीनं मान हलवली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. नऊ फोन, डबा, ताप, हंबरणारी गाय, सगळ्यांचा राग होता तिथंच होता, त्यात आता अडखळायला काही राहिलं नव्हतं.

"मी येनार न्हाई, मामा," ती म्हणाली. "वायफाय काढा न्हाई तर ठेवा. मला आता त्याचं काय न्हाई."

ती आत गेली नाही. तिथंच उभी राहिली. मामानं तिच्याकडं पाहिलं, मग तात्यांकडं, आणि शेवटी, सगळ्या सोयरिकीत मोडतं घर सावरणारी बाई शोधतात तसं, दाराशी आलेल्या आक्काबाईकडं पाहिलं. आक्काबाई दोन महिने याच माणसाची बाजू घेत आली होती. आत पुरणपोळ्यांची चळत तयार होती, ताटं पुसून ठेवली होती. दारात आलेला माणूस वैरी असला तरी तिच्या घरातून उपाशी गेलेला गावानं पाहिला नव्हता. एकदा शेतसारा वसूल करायला आलेल्या तलाठ्यालाही तिनं भांडता भांडता जेवू घातलं होतं.

"वैनी," मामा म्हणाला, "तुमी काय म्हनता?"

आक्काबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि जावयाकडं न बघता बोलली.

"लांबचा पल्ला हाय, मामा. उनं चढायच्या आत निघा."

मामा उठला. त्यानं तात्यांना हात जोडले आणि चपला पायात सरकवल्या. सूर्यभान तसाच बसला होता, जेवणाचं कुणी म्हणेल याची वाट बघत.